केर कधी काढायचा

मुक्ताला विमानतळावर सोडून परवा सकाळी घरी आलो आणि मी सवयीनं दारामागची केरसुणी उचलली. उचलली ती उचललीच. हात खाली जाईना. लेक जर्मनीला गेली, घरभर तिच्या सामानाचे कागद, चिकटपट्टीचे तुकडे, तोडून टाकलेली लेबलं, नको म्हणून बाहेर काढलेला लाडवांचा डबा. आणि मी मे महिन्याच्या उकाड्यात, साताऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, केरसुणी धरून उभी. आमचे हे म्हणाले, "काय झालं? कंबर धरली का?" म्हटलं, "कंबर नाही. केर कधी काढायचा ते कळत नाहीये."

हे हसले. त्यांना हसायला काय जातंय! कोणी गावाला गेलं की त्याच्या पाठोपाठ लगेच घर झाडायचं नाही, एवढं त्यांनाही माहीत आहे. पण लगेच म्हणजे किती? या एका प्रश्नात माझा एक अख्खा उन्हाळा गेलाय. नव्वदच्या दशकातला, सांगलीचा. अकरा वर्षांची होते मी तेव्हा, आणि आता माझी लेक विमानात बसली तरी तो प्रश्न आपला तिथंच आहे.

त्याआधीचे आमचे उन्हाळे अगदी सरळ होते. परीक्षा संपली की बाबा कारखान्याचा टेम्पो धुवून काढायचे. कारखाना म्हणजे कुपवाडला पत्र्याची एक शेड, त्यात तीन लेथ, आणि पंपाचे सुटे भाग. टेम्पो कितीही धुतला तरी ऑइलचा वास जात नसे. मागे सतरंजी अंथरायची, तीवर मी, धाकटा अजित, शेजारची दोन-चार पोरं, पाण्याचा माठ, स्टोव्ह, दशम्यांचा डबा, लसणाची चटणी आणि कैऱ्या. सतरंजीतून लोखंडाचा कीस टोचायचा. कराडला भेळ, मग साताऱ्याला आत्याकडं मुक्काम, आणि तिथून रोज एक ठिकाण. सज्जनगड, कास, वाई, पाचगणी. आईला घाट लागायचा. मुठीत लिंबू धरून ती पुढं बसायची आणि दर वळणाला म्हणायची, "अहो, सावकाश." बाबा म्हणायचे, "तुझ्या आईला साताराच परदेश आहे गं. हिला पुढं कुठं न्यायची?"

मेणवलीच्या घाटावरचा एक प्रसंग मला स्वच्छ दिसतो. दुपार कलली होती, आम्ही पायऱ्यांवर बसून कैऱ्या खात होतो. बाबा उठले, पँट झटकली आणि आईला म्हणाले, "चल, त्या वडापर्यंत जाऊन येऊ. दोघंच." आई म्हणाली, "आणि पोरं?" एवढं तिनं म्हणायचा अवकाश, आम्ही सगळी उठलोच. वडापर्यंत वरात गेली. अजितला मध्येच तहान लागली, एकाची चप्पल तुटली, बाबा त्याला खांद्यावर घेऊन परत आले. आई-बाबा दोघंच कुठं गेलेले मी पाहिलेच नव्हते. तसं ते जाऊ शकतात हेच मला ठाऊक नव्हतं.

आणि मग त्या वर्षी ते दोघंच निघाले. तेही एकदम मस्कतला.

मस्कतला मामा होता, आईचा भाऊ. त्यानं तिकिटं पाठवली. आम्हाला सांगितलं, "आई-बाबा फिरायला चाललेत, तीन आठवड्यांत येतील." आत्या साताऱ्याहून आमच्यापाशी राहायला आली ती हसतच आली. "लोक उन्हाळ्याला कंटाळून महाबळेश्वरला जातात, आणि हा माझा भाऊ सांगलीच्या उन्हातनं उठून वाळवंटात चाललाय फिरायला! वा रे वा!" सगळे हसले. मीही हसले. पण फिरायला जाताना कोणी नवीन पोळपाट-लाटणं घेऊन जातं का? आईनं ते खाकी कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलं आणि बॅगेच्या तळाशी घातलं. आमच्या सहलींना दशम्या घरूनच व्हायच्या, पोळपाट कधी हलला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मामीनं मागवलंय. तिकडं चांगलं मिळत नाही." असेलही. पण माझा विश्वास बसला नाही.

कारण मी आदल्या दिवशीच स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं होतं. आत्या आईला विचारत होती, "तुझ्या भावानं जागा बघून ठेवलीय म्हणे याच्यासाठी?" आई म्हणाली, "हो. वर्कशॉपमध्ये. इथं कुपवाडला काही उरलं नाही आता. एक लेथ विकला, दुसऱ्याला गिऱ्हाईक बघतायत." "मग? सगळेच जाणार का काय?" आई म्हणाली, "बघून ठरवू म्हणतात." बस, एवढंच. सगळेच जाणार म्हणजे सांगली सुटणार, शाळा सुटणार, टेम्पोही जाणार. आणि सगळे नाही गेले तर कोण जाणार आणि कोण राहणार? आई त्यांच्याबरोबर तिकडंच राहिली तर? फिरायला चाललेत असं सांगतात, बघून ठरवू असंही म्हणतात. यातलं खरं काय ते विचारायची सोय नव्हती, कारण मी ऐकलंय हेच कुणाला माहीत नव्हतं.

जायच्या दिवशी आई खिडकीखाली ट्रंकेवर बसून शेवटचं सामान भरत होती. अबोलीचा गजरा होता, त्यातली फुलं गळून खाली पडत होती. देवापुढं दही-साखर झाली, पाया पडणं झालं. रिक्षा वळली. अजितनं मोठ्यांदा भोकाड पसरलं, मला मात्र रडू येईना. आत आले तर हौसाबाई केरसुणी घेऊन उभी. हौसाबाई आमच्याकडं धुणं-केर करायची, जवळच्या खेड्यातून चालत यायची. आत्या ओरडली, "ए, थांब! आत्ताच गेलीत ती. पोचू देत."

"कवा पोचत्यात?"

"फोन येईल. मग काढ."

झालं! इथूनच सगळा घोळ सुरू झाला. साताऱ्याचा पाहुणा गेला तर चार तासांत पोचतो, दुपारी केर निघतो. मुंबईचा गेला तर दुसऱ्या दिवशी. मस्कतला जायला किती वेळ लागतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडं फोन नव्हता, तो शेजारी पाटीलकाकूंकडं. आणि त्याच संध्याकाळी असं वादळ सुटलं की समोरच्या कडुलिंबाची फांदी फोनच्या तारेवर पडली. पाटीलकाकूंचा फोन बंद. तारवाला उद्या येतो, परवा येतो.

खिडक्यांतून धूळ आत आली. कडुलिंबाचा पाला आला. पायाखाली करकर वाजायला लागलं. अजितची मजा झाली, रायवळ आंब्यांच्या साली तो बिनदिक्कत कोपऱ्यात टाकू लागला. आत्यानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि नियम जाहीर केला. जुना केर काढायचा नाही, नवा करायचा नाही. स्वयंपाकघर फडक्यानं पुसून घेतलं तर चालेल, पुसणं म्हणजे काही झाडणं नव्हे. पाटाखालचं हातानं उचलायचं. मी विचारलं, "सुपलीत भरलं तर?" आत्यानं जरा विचार केला. "सुपली नको," म्हणाली. कशाच्या जोरावर ठरवत होती कोण जाणे.

मी एकदा म्हटलं, "आत्या, पोचले असतील गं आता." ती म्हणाली, "असतीलच. पण असतील म्हणून केर काढता येत नाही." आणि रेडिओवरच्या बातम्या लागल्या की हातातलं काम टाकून ती रेडिओपाशी जाऊन उभी राहायची. पहिल्या ठळक बातम्या संपल्या की सुस्कारा टाकून परत भाजी निवडायला बसायची. कशासाठी ऐकते ते ती सांगत नव्हती, आणि मी विचारत नव्हते. विमान म्हटलं की काय मनात येतं हे दोघींनाही कळत होतं.

हौसाबाई रोज यायची, कमरेवर हात ठेवून घर बघायची. शेवटी तिला राहवेना. "आवं आत्याबाई, हे घर हाय का खळं? पाय ठिवायला जागा न्हाई. लय झालं आता."

"तुझा थोरला फौजेत आहे ना गं?" आत्या चिडून म्हणाली. "तो सुट्टी संपवून जातो तेव्हा काय करतेस तू? लगेच झाडतेस?"

"लगीच न्हाई. दुसऱ्या दिशी समदं घर झाडून घेती. पर जितं बसून त्यानं बुटाच्या नाड्या बांधल्या, तेवडी जागा ऱ्हाऊ देती. त्यो परत आला की मग काढती."

"वर्षभर?"

"कवा कवा दीड वरीस बी ऱ्हायलीया. त्याला काय हुतंय? ढीग थोडाच हुतोय तितं." आणि पदरानं तोंड पुसून ती मागच्या दारी धुण्याला निघून गेली.

पुढच्या रविवारी काका आले, आत्याचे यजमान, साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. उंबऱ्यातच थबकले. "हे काय? घरात वादळ शिरलं होतं का?" आत्या म्हणाली, "त्यांचा फोन नाही अजून." काका म्हणाले, "अगं, ते केव्हाच पोचले! दुसऱ्याच दिवशी आपल्याकडं फोन आला होता. मजेत आहेत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेलच."

आत्या काकांना काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग तिनं पदर खोचला, स्वतः केरसुणी घेतली आणि अशी सुटली की आम्ही पोरं खाटेवर चढून बसलो. एकीकडं डोळे पुसत होती, एकीकडं झाडत होती. पाला, साली, धूळ, सगळं दाराबाहेर. खिडकीखाली आली आणि मी खाटेवरून उडी मारून तिथंच फतकल मारून बसले. ट्रंक होती तो कोपरा. सुकलेली अबोलीची फुलं, सुतळीचा तुकडा, खाकी कागदाची एक पट्टी.

"ऊठ गं."

"नाही. हे नाही झाडायचं."

"अगं बाई माझे, पोचले ना ते?"

"तिकडं पोचले. इकडं कुठं पोचलेत?"

मला वाटलं आता बसणार एक धपाटा. पण आत्यानं केरसुणी भिंतीला टेकवली आणि पेढ्यांचा पुडा उघडायला गेली.

मग काकांनी आम्हाला साताऱ्याला नेलं. सहली चुकायला नकोत म्हणून. काकांच्या स्कूटरवर, एसटीनं, जसं जमेल तसं त्यांनी आम्हाला सगळीकडं फिरवलं. बिचाऱ्यांनी काही कमी केलं नाही. वाईच्या घाटावर भेळ दिली, पाचगणीला घोड्यावर बसवलं. पण कुणी "अहो, सावकाश" म्हणत नव्हतं आणि एसटीत ऑइलचा वास नव्हता. अजित घोड्यावर बसून हसत होता आणि मला त्याचा रागच येत होता. मग वाटायचं, त्यानं हसू नये तर काय करावं? आणि मी का नाही हसत? लगेच पुढचं वाटायचं, ते दोघं तिकडं हसत असतील का?

कोयनानगरला काकांच्या मित्राचं क्वार्टर होतं. आम्ही चहा पीत बसलो होतो आणि फळीवरची भांडी एकदम वाजली. कपातला चहा हलला. मी घाबरून उभी राहिले. घरातलं कुणी मान वर करून बघेना. मित्राची बायको म्हणाली, "बस गं. आमच्याकडं असतं हे अधनंमधनं." आणि खारी पुढं केली. मी बसले. त्या बाईंकडं बघत राहिले. जमीन हलते आणि या खारी वाढतात! यांना भीती वाटत नाही, का वाटते आणि दाखवत नाहीत? आमच्याकडचे मोठे लोक तेच तर करत नव्हते ना?

साताऱ्याला परतलो त्या संध्याकाळी काकांकडं मस्कतहून फोन आला. सगळे भोवती जमले. माझी पाळी आली. आईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि आपण बोललेलं आपल्यालाच परत ऐकू यायचं.

"कशी आहेस गं? इथं फार छान आहे. चोवीस तास पाणी. रस्ते इतके स्वच्छ, अन्न सांडलं तरी उचलून खावं. समुद्र अगदी जवळ." आणि मग जरा थांबून, "तुला आवडेल का गं इथं राह्यला?"

हो म्हणावं तर सांगली गेली. नाही म्हणावं तर ते तिकडं आणि आम्ही इकडं. आत्या मागून ढोसत होती, "बोल की, परदेशाचा फोन आहे!" माझ्या तोंडातून एकदम निघालं, "आई, तू बसली होतीस तो कोपरा मी अजून झाडू दिला नाहीये."

पलीकडून एक आवाज आला. ती हसली का रडली, मला तेव्हा कळलं नाही. तेवढ्यात बाबांनी फोन घेतला, "पेढे खाताय ना रे पोरांनो?" आणि फोन बंद झाला.

आम्ही सांगलीला परतलो आणि तीन आठवडे भरल्यावर ते आले. खजूर, अत्तर, मऊ ब्लँकेटं, शेजारपाजारच्यांना वाटायला नेलपॉलिश. आई काळपटली होती आणि बारीकही वाटली नाही, जाडही नाही, पण वेगळी वाटली. आत आली, बॅग ठेवली, खिडकीखाली बघितलं. पाणीसुद्धा न पिता तिनं दारामागची केरसुणी घेतली आणि तो कोपरा स्वतः झाडला. फुलं, सुतळी, कागद. हौसाबाई दारात उभी होती, ती म्हणाली, "आता बरं झालं."

नंतर फोटो धुऊन आले. एका फोटोत आई समुद्रकाठच्या खडकावर बसलीय, डोळ्याला काळा गॉगल, आणि बाबांचा हात तिच्या खांद्यावर. दोघं हसतायत. मी तो फोटो लपूनछपून पुन्हा पुन्हा बघायची. ही आई मला ओळखू येत नव्हती. चांगली दिसत होती, आणि मला वाईट वाटत होतं.

आणि पाऊस ओसरल्यावर बाबा मस्कतला गेले. एकटेच. शेड बंद झाली, टेम्पो विकला. पुढची सात-आठ वर्षं ते वर्षातून एकदा यायचे. आई आमच्यापाशी सांगलीत राहिली. बाबा परत जायला निघाले की दारातल्या स्टुलावर बसून बूट घालायचे, आणि ते स्टूल आई वर्षभर हलवायची नाही आणि त्याखालची फरशी झाडायची नाही. आमच्या सहलीही त्यानंतर झाल्या नाहीत. म्हणजे झाल्या, शाळेच्या वगैरे. त्या काय सहली!

इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकच बसलेलं आहे. मी फोनवर ते वाक्य बोलले, म्हणून आई परत आली. आणि आई परत आली म्हणून बाबा एकटे राहिले. परक्या गावात हातानं भाकरी थापत. कधी वाटायचं, बरं झालं बोलले. बाबा सुट्टीवर आले की त्यांचे पांढरे होत चाललेले केस बघून वाटायचं, कशाला बोललीस बये? हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?

तर परवा केरसुणी हातात घेऊन मी सांगलीला फोन लावला. आई-बाबा आता दोघंच असतात तिथं. बाबा ऐंशीच्या घरात आहेत. आई फोनवर म्हणाली, "मुक्ता पोचली का?"

"नाही, विमानात आहे. मोबाइलवर नकाशात विमान दिसतंय. कुठल्या गावावरून चाललंय ते सुद्धा दिसतंय. आई, केर कधी काढू?"

ती हसली. आणि मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचं सगळं मी तिला बोलून टाकलं. दाराआडून ऐकलेलं, पोळपाट, तो फोन, बाबांचं एकटं राहणं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "वेडी का काय तू? तुझ्या बोलण्यावर ठरलं असं वाटतंय तुला? अगं, मी जायच्या आधीच ठरवलं होतं. तुमच्या शाळा सोडून, सांगली सोडून मी कुठंही जाणार नव्हते."

"आणि बाबा?"

"त्यांचंही ठरलेलंच होतं. कुपवाडला काही उरलं नव्हतं, त्यांना जावंच लागणार होतं. मला ते माहीत होतं, माझं त्यांना माहीत होतं."

म्हणजे माझा अख्खा उन्हाळा कशावर गेला? "मग बघून ठरवू, बघून ठरवू, असं का म्हणत होतात? सगळं ठरलेलं होतं तर तीन आठवडे गेलात कशाला?"

"फिरायला," आई म्हणाली. "सांगितलं तर होतं तुम्हाला. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असं कुठं गेलो होतो का? पुढं तर वर्षानुवर्षं वेगळंच राहायचं होतं. हे म्हणाले, चल, त्याआधी जाऊन येऊ. दोघंच."

मागून बाबांचा आवाज आला, "काय म्हणतेय ती?" आई त्यांना म्हणाली, "मस्कतचं विचारतेय." बाबा काहीतरी म्हणाले आणि दोघं हसली. मी मेणवलीच्या पायऱ्यांवरून उठून त्यांच्यामागं वडापर्यंत धावत गेले होते, तशीच फोनवर कान देऊन उभी होते. मग मीच म्हटलं, "बरं, ठेवते मी. बसा तुम्ही दोघं."

"अगं, थांब. केराचं विचारत होतीस ना? पोर पोचल्याचा फोन आला की काढ. मुक्तानं दारात बसून बूट घातले असतील ना, तेवढी जागा राहू दे."

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. पोचली म्हणाली, थंडी आहे म्हणाली. मी केर काढायला घेतला. खोल्या झाल्या, हॉल झाला. दाराशी आले. पायपुसण्याजवळ तिच्या नव्या बुटांमधला चुरगळलेला पांढरा कागद पडला होता, खोक्यातला.

हे म्हणाले, "तेवढं राहिलं बघ."

म्हटलं, "असू दे."

आणि मी केरसुणी दारामागं ठेवून दिली.